चौथ्या नंबरचा घेणेकरी

पगाराच्या पाकिटात नुसती चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर शून्य. कारखान्याचा पगार-कारकून त्या शून्याकडे बघत बसला. ते त्यानेच काढलं होतं, आणि छान गोल आलं होतं.

झालं असं, की त्याच्या नावावर कोर्टातून पगारजप्तीचे तीन हुकूम आले. एक पतसंस्थेचा, एक दातांच्या डॉक्टरांचा आणि एक व्यायामाच्या मशीनवाल्याचा. त्या मशीनवर तो दोन दिवस चालला होता. तिसऱ्या दिवसापासून तिच्यावर टॉवेल वाळत होते. प्रत्येक हुकमात एकच मजकूर: पगाराचा एक तृतीयांश कापा. कापणार कोण? तोच.

अकरा वर्षं तो लोकांचे पगार कापत आला होता. कायदा तोंडपाठ. घेणेकरी एक असो की दहा, सगळ्यांना मिळून एक तृतीयांशच. ज्याचा हुकूम आधी, त्याचे पैसे आधी; बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. उरलेले दोन भाग घरचे. गेल्याच महिन्यात वेल्डरला त्याने हे चहा पाजून समजावलं होतं. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याला वाटलं, आपणच आपल्याला सवलत दिली असं कुणी म्हणायला नको. त्याने तिन्ही हुकमांचे तिन्ही भाग कापले, तेही ताठ मानेने.

बायकोने चिठ्ठी उलटून पाहिली.

“अहो, पैसे मागच्या बाजूला आहेत का?”

“अगं, तत्त्वाचा प्रश्न होता.”

“बरं झालं. परवा घरमालक यायचेत. दोन महिन्यांचं भाडं तुंबलंय, या वेळी सामान बाहेर काढणार म्हणालेत. त्यांना तत्त्व देऊ का चहाबरोबर?”

दुसऱ्या दिवशी तो मॅनेजरसाहेबांसमोर उभा राहिला.

“तुम्हाला कायदा माहीत नव्हता?”

“होता, साहेब.”

“मग?”

“प्रामाणिकपणा दाखवायला गेलो.”

“कुणाला?”

हे त्याने ठरवलंच नव्हतं. पैसे तर घेणेकऱ्यांना पोचले होते, आणि मशीनवाला मशीनसुद्धा परत घेत नव्हता, पैसे कुठले देतो! साहेबांनी नियमाचं पुस्तक चाळलं आणि शेरा मारला: कर्मचाऱ्याची जादा कापलेली रक्कम चूक करणाऱ्या कारकुनाच्या पगारातून वसूल करून कर्मचाऱ्यास द्यावी.

“म्हणजे मीच मला देणं लागतो,” त्याने घरी येऊन सांगितलं.

“मग देऊन टाका की.”

“कसे देणार? कापायचा तो एक भाग पतसंस्थेला जातो. मग डॉक्टर, मग मशीनवाला. मी चौथा.”

“तुमचा नंबर कधी लागेल?”

“पाचेक वर्षांनी. मी खूप विनवण्या केल्या, पण मी ऐकत नाही.”

बायको आधी कपाळाला हात लावून बसली, मग हसत सुटली. हसता हसताच तिने शिलाई मशीनचा खण उघडला आणि ब्लाउजांच्या शिलाईचे साठवलेले पैसे मोजले.

“भाडं भरा. पण उसने आहेत हं.”

त्याचा जीव भांड्यात पडला. “नक्की देईन. तुझा नंबर पाचवा.”

नोटा धरलेला तिचा हात मागे गेला.

“कितवा?”

“अगं, नियमच तसा—”

“एक भाग त्या लोकांचा, दोन भाग घरचे. घरच्या भागाला कुणी हात लावायचा नाही, असंच ना?”

“कुणीच नाही.”

“तुम्हीसुद्धा नाही. पुढच्या महिन्यापासून ते दोन भाग माझ्या हातात. तुम्हाला बसभाडं मिळेल.”

तिने नोटा त्याच्या तळहातावर ठेवल्या. अकरा वर्षांत असा चोख हुकूम त्याच्या हाती पडला नव्हता.

“पोच म्हणून सही कुठे करू?” त्याने विचारलं.