सासूबाई दोनदा बोलायच्या

कॉम्प्युटरच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये, एवढं आधीच सांगून ठेवतो. दिवसभर ऑफिसात मी प्रोग्राम लिहितो आणि उरलेल्या वेळात इंटरनेटवरच्या चर्चामंचावर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढतो. तिथे माझा शब्द चालतो. घरात चालत नाही, पण ते सगळ्यांचंच असतं. तेव्हा सासऱ्यांचं जुनं मशीन मी चहा होईपर्यंत नवंकोरं करून देतो असं म्हणालो, ते काही उगाच हवेत बोललो नव्हतो.

"चालतंय ना ते? मग राहू दे," बायको म्हणाली.

"चालतंय, पण जुन्या आवृत्तीवर चालतंय. स्क्रीनवर पिवळी पट्टी येते, दिसत नाही तुला?"

"बाबांच्या चष्म्याच्या काडीलाही पट्टी लावलीय. तोही बदलतोस का?"

बायको असं बोलते. तिच्या आईवर गेली आहे.

आता मशीनबद्दल सांगायला हवं. माझे सासरे नकाशे काढायचं काम करत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जाडजूड पुस्तक आणलं आणि प्रोग्राम लिहायला शिकले. सासूबाईंचं दुखणं हटत नाही म्हटल्यावर त्यांनी माइक पलंगापाशी नेला आणि त्यांच्याकडून पंधरा वाक्यं बोलून घेतली. रोज दुपारी चार वाजता मशीनमधून त्यातलं एक वाक्य यायचं. प्रत्येकाची सुरुवात एकच, "अहो, गोळी घेतलीत का?" आणि पुढे शेपूट वेगळं. आणि मागची खिडकी लावा. आणि तो करडा स्वेटर आता टाकून द्या.

"म्हणजे मेल्यावरही मीच आठवण करून द्यायची का?" सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. मग गेल्या, आणि त्याच आठवण करून देत राहिल्या.

कुठल्या दिवशी कुठलं वाक्य, याचं सासऱ्यांचं सूत्र साधं होतं. तारखेला दोनने भागायचं. चार तारखेला दुसरं वाक्य. पाच तारखेला अडीच यायला हवेत, पण जुनी आवृत्ती वरचा अर्धा टाकून द्यायची, म्हणून पुन्हा दुसरंच. असं का केलं, हे मी विचारलं होतं.

"ती कुठलीही गोष्ट दोनदा सांगायची," सासरे म्हणाले. "एकदाच सांगितली असती तर मला ती वाटली नसती."

एक तारखेला भागाकार शून्य यायचा, तेव्हा मशीन गप्प बसे. "महिन्यातून एक दिवस तिला सुट्टी," असं सासऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी ते आपलं आपण घड्याळ बघून गोळी घेत. वाक्यं त्यांनी नंतर मुद्दाम कधी ऐकली नाहीत. उगाच ऐकून झिजवायची नाहीत, असा त्यांचा खाक्या. माणूस साबणाची चिपसुद्धा दुसऱ्या वडीला चिकटवून वापरणारा.

तर त्या रविवारी मी त्यांच्या अंधाऱ्या खोलीत बसलो. पडदा सासूबाई गेल्यापासून अर्धाच उघडा आहे, तो पुरता उघडायचं कुणाच्या मनात येत नाही. ज्या भाषेत प्रोग्राम लिहिला होता, तिची मी नवी आवृत्ती चढवली. तिला आवाजाचं जुनं पॅकेज चालेना. नवं मागवलं, तर त्याला आणखी एक पॅकेज हवं, आणि त्या दुसऱ्याला तिसरं. एका पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्याने मेहुणा, मेहुण्याचा भाडेकरू आणि भाडेकरूचं कुत्रं घेऊन यावं, तशी गत. पण मी सगळ्यांना बसवलं. चार वाजले, आणि मशीनमधून सासूबाई म्हणाल्या, "अहो, गोळी घेतलीत का? आणि नळ नीट बंद करा." नळ खरोखरच गळत होता.

"बघितलंस?" मी बायकोला म्हणालो.

"दहा दिवसांनी सांग," ती म्हणाली.

तेवढे दिवस लागले नाहीत. आठवडा उलटायच्या आत सासऱ्यांचा फोन आला. त्यांचा फोन आला की घरात कुणीतरी आजारी आहे असं वाटतं, आणि या खेपेला ते म्हणालेही तसंच.

"जावईबापू, तिची तब्येत बरी दिसत नाही."

"कुणाची?"

"ती आता एकदाच बोलते. दुसऱ्या दिवशी गप्प असते."

आम्ही लगोलग गेलो. सासरे मशीनसमोरच्या खुर्चीत बसलेले, अंगात करडा स्वेटर. बायकोने टेबलावरची गोळ्यांची पट्टी उचलली आणि खिडकीशी नेऊन पाहिली. एक गोळी घेतलेली, एक शिल्लक. पुन्हा एक घेतलेली, एक शिल्लक.

"बाबा, अहो ही हृदयाची गोळी आहे. रोज घ्यायची असते."

"सुट्टी फक्त एक तारखेला असते, बाकी दिवस ती बोलते," सासरे म्हणाले. "मी वाट बघत बसलो. मग अंधार पडला."

बायकोने नुसतं माझ्याकडे बघितलं. ती बोलली असती तर परवडलं असतं.

काय झालं ते मला जागच्या जागी कळलं. नव्या आवृत्तीने अर्धा टाकायचं सोडलं होतं. पाचाला दोनने भागलं की ती इमानदारीत अडीच म्हणायची, अडीच नंबरचं वाक्य शोधायची, आणि ते नाही म्हणून गप्प बसायची. सम तारखेला बोलणं, विषम तारखेला मौन.

"जुनं होतं तसं परत आणता येईल?" सासऱ्यांनी विचारलं.

येण्यासारखं होतं. पण जुनं परत आणणं म्हणजे बायकोचं बरोबर होतं हे लेखी देण्यासारखं.

"नव्यातच नीट करतो," मी म्हणालो.

दोन मिनिटांचं काम. पण अर्ध्याचं काय करायचं याच्या दोन रीती होत्या, आणि नव्या आवृत्तीत त्यातली चांगली कुठली, एवढं एकदा चारचौघांत विचारून घ्यावं म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी चर्चामंचावर प्रश्न टाकला. चार ओळींचा, स्वच्छ प्रश्न. आणि तिथेच माझं ग्रहमान फिरलं.

पहिला आला तो 'तिरपा कंस' नावाचा गृहस्थ. "अजून त्या जुन्या आवृत्तीवर होतात? आश्चर्य आहे."

मग 'मूळपुरुष' आला. "पूर्ण संख्येला पूर्ण संख्येने भागलं की पूर्णच संख्या यायला हवी. नव्या आवृत्तीने भाषा नासवली."

"पाच भागिले दोन म्हणजे दोन, हे तुम्हाला शाळेत शिकवलं का?" तिरपा कंस.

"उरलेला अर्धा कुठे ठेवायचा, हे तुम्हाला शिकवलं का?" मूळपुरुष.

तिसऱ्याने ही भाषाच सोडून द्या म्हणून सांगितलं आणि आपल्या भाषेचं कौतुक तीन परिच्छेद लिहिलं. चौथ्याने विचारलं, "मुळात तारखेला दोनने भागायची गरज काय?"

मी लिहिलं, "सासूबाई दोनदा बोलायच्या म्हणून."

"गरज अस्पष्ट आहे," त्याने उत्तर दिलं.

हे लोक मी ओळखून आहे. मदत करायला येणारा माणूस आपल्याला नाही, बघणाऱ्यांना उत्तर देत असतो. समोरचा बुडतोय याचं दुःख त्याला असतं, नाही असं नाही. पण तो चुकीच्या पद्धतीने बुडतोय याचं जास्त. मी स्वतः याच पेठेतला व्यापारी. त्यामुळे गप्प बसणं मलाही जमेना. मी मूळपुरुषाशी भांडलो, तिरप्या कंसाशी भांडलो, संध्याकाळपर्यंत एका ठिकाणी तर मीच माझ्या विरुद्ध बोलत होतो.

मध्येच बायकोचा फोन. "चार वाजून गेले. बाबांना मी फोनवरून सांगितलं गोळीचं. ते म्हणतात, तुझा आवाज वेगळा आहे."

"घेतली ना पण?"

"घेतली म्हणाले. म्हणाले, ती रागावलेली नाही, फक्त मशीन बिघडलंय, हे कळल्यावर बरं वाटलं. तुला त्यांनी हेही विचारायला सांगितलंय, की तिला आत काही त्रास होत नाही ना."

मी फोन ठेवला आणि वाद तिथेच सोडला. शेवटी वाद दोन गोष्टींवर आला होता. उरलेला अर्धा टाकून द्यायचा, की पूर्ण करून वर न्यायचा. मूळपुरुष टाका म्हणत होता, तिरपा कंस वर न्या म्हणत होता. मूळपुरुषाने मला दुपारी 'नवशिका' म्हटलं होतं. मी वर नेला.

रात्री सासऱ्यांकडे जाऊन मशीनमध्ये तसं लिहिलं आणि हिशेब करून पाहिला. एक आणि दोन तारखेला पहिलं वाक्य, तीन आणि चारला दुसरं. सासूबाई पुन्हा दोनदा बोलणार, वर एक तारखेची सुट्टीही बंद. मला वाटलं, हा निव्वळ नफा. चर्चामंचावर जाऊन आभार मानावेत, तर कुणीतरी 'हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे' असा शेरा मारून तो बंद केलेला.

महिना सरला. सासूबाई वेळेवर बोलत होत्या, पट्टीतल्या गोळ्या ओळीने संपत होत्या. सासऱ्यांनी मला चक्क खुर्ची दिली. बायकोनेही, कबूल केलं नाही, पण पट्टीचा विषय सोडला.

एकतीस तारखेला आम्ही तिघं त्या खोलीत होतो. सासऱ्यांनी गोळी आधीच हातात धरली होती, पाण्याचा पेला पुढ्यात. चार वाजले.

"अहो, गोळी घेतलीत का?" सासूबाई म्हणाल्या. मग नेहमीपेक्षा हळू, कुणी ऐकेल की काय अशा आवाजात, "तुम्ही पाणी आणायला गेलात म्हणून मीच बटण दाबलं. एक राहिलं होतं. जावईबापूंना या मशीनला हात लावू देऊ नका. पोरगा चांगला आहे. पण नीट करायला येईल."

मशीन गप्प झालं. बाहेर नळ गळत होता.

एकतिसाला दोनने भागलं की साडेपंधरा. जुन्या आवृत्तीने तो अर्धा इतके दिवस टाकून दिला होता. मी तो वर नेला, आणि सोळावं वाक्य निघालं. ते तिथे आहे हे सासऱ्यांनाही माहीत नव्हतं.

त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायलं, पेला ठेवला.

"हे मी ऐकलं नव्हतं," ते म्हणाले. आवाज असा, की मी मशीनच्या मागच्या वायरींकडे बघू लागलो. मग ते म्हणाले, "उद्या पुन्हा सांगेल?"

"उद्या एक तारीख आहे, बाबा. हे वाक्य एकतीस तारखेलाच."

"पुढच्या महिन्यात?"

"पुढचा महिना तिसाचा आहे. त्याच्या पुढच्या."

"म्हणजे हे तिने एकदाच सांगितलं," सासरे म्हणाले. "आजवर तिने एकदाच सांगितलेली ही पहिली गोष्ट."

बायको तोंड दुसरीकडे करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. रडते आहे म्हणून मी जवळ गेलो. हसत होती. मग रडायला लागली, आणि मला म्हणाली, "आईला कसं कळलं रे?"

"तुम्हाला हवं तर बाबा," मी म्हणालो, "मी ते रोज ऐकू येईल असं करून देतो. एक ओळ बदलायची."

दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी पट्टी उमटली. नवी आवृत्ती आली होती.

मी दोन्ही हात खिशात घातले.