ठोकात घेतलेले पिक्चर

अन्याय झाला तो देवरावजींवर. गेल्या मंगळवारी, दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी, नागपूरच्या एका मल्टिप्लेक्सच्या दारात. त्यांचा महिन्याचा सिनेमापास फोनमध्ये आपोआप बंद झाला. कारण लिहून आलं, ‘आपला वापर सर्वसाधारण ग्राहकासारखा नाही.’

हे मात्र खरं होतं.

देवरावजी माझे पांढुर्ण्यातले शेजारी. वय बहात्तर. उभी हयात संत्र्याच्या व्यापारात गेली. झाडावरचा माल नजरेनं जोखायचा आणि तोडीआधीच अख्खा बगीचा ठोकात घ्यायचा, हा त्यांचा धंदा. पासही त्यांनी तसाच घेतला. सोमवार ते गुरुवार, रोज एक पिक्चर, एकदाच पैसे. लोक अशा पासावर आवडीचे दोन पिक्चर पाहतात. देवरावजी सगळे पाहत. भुताचे, लहान पोरांचे, तेलुगूतले. मी विचारलं, काकाजी, भंगार पिक्चर कशाला पाहता? म्हणाले, “बगीचा घेतला तं चुरी बी आपलीच हाय, भाऊ. ते का झाडावर सोडून द्याची?” चुरी म्हणजे बारकी, कोणी न विचारणारी संत्री.

पिक्चरची प्रतही ते संत्र्यांसारखीच लावत. एखाद्या नायिकेला ‘रंग हाय, रस नाही’. लांबलेल्या शेवटाला ‘तोड उशिरा झाली’.

मी ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं काढतो. असा पास परवडतो का, यावर एक काढायचं होतं म्हणून त्यांना धरलं. जायला दोन तास गाडी, यायला दोन तास. घरी बायको खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. मी तोंडावर सांगितलं, हा पास परवडत नाही, आणि तुम्हाला शोभतही नाही. ते रागावले नाहीत. संध्याकाळी घरी ये म्हणाले.

गेलो. अनसूयाकाकू खाटेवर उशीला टेकलेल्या. देवरावजी समोर उभे राहून दुपारचा पिक्चर सांगून राहिले होते, मारामारीसकट. मध्यंतर आलं तसे थांबले, चहा केला, मग पुढचा भाग. आठवड्याला चार पिक्चर, त्यामुळे सरमिसळ व्हायची.

“हा तं काल मेला होता ना जी?” काकू म्हणाल्या.

“आज पायजे होता. उठवला.”

टीव्ही आहे, फोन आहे, मग हे कशाला, असं मी काकूंना विचारलं.

“टीव्ही कोणासाठी थांबते? मले कळ आली का हे थांबते.”

ते पत्रक मी काढलं नाही. हे काढतो आहे.

कारण पुढच्याच आठवड्यात तो मंगळवार आला. पास बंद झाल्याचं देवरावजींनी मला सांगितलं, घरी नाही. घरी त्यांनी येताना गाडीत रचलेला पिक्चर सांगितला. दुसऱ्या दिवशी काकू मला हळूच म्हणाल्या, “कालचा पिच्चर यायनं पाह्यलाच नाही. कोणीच मेलं नाही त्यात. सारे घरी जेवाले आले.” त्यांना मात्र त्या काही बोलल्या नाहीत. देवरावजी माझी पत्रकं वाचत नाहीत, म्हणून इथं लिहायला हरकत नाही.

कंपनीकडे मी अर्ज केला आहे. अख्खा बगीचा विकायचा आणि घेणाऱ्यानं सगळी संत्री तोडली की फाटक लावायचं, ही लबाडी आहे. उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर तुम्ही जो पिक्चर पाहाल, तो पाहून सरळ घरी जाऊ नका. देवरावजींना गाठा आणि पहिल्यापासून सगळा सांगा. त्यांनाच सांगा. काकूंना ते सांगतील.