आधी शेवट सांगणारे जोमाकाका

मागच्या वर्षी आमच्या शेजारचे जोमाकाका भरदुपारी दारात येऊन मला म्हणाले, "पाय मोडला नाय. नुसता मुरगलला हाय. वडापाव पन खाल्ला त्यानं. आता ऐक काय झालं ते."

माझ्या नवऱ्याची स्कूटर घसरली होती. ते मला पाचव्या वाक्याला कळलं. तोवर घाबरायचं काही उरलंच नव्हतं.

जोमाकाका कुठलीही गोष्ट अशीच सांगतात, शेवट आधी आणि सुरुवात मागाहून. क्रिकेटची मॅच ते दुसऱ्या दिवशी बघतात, कोण जिंकलं ते विचारून. सिनेमा लावला की पहिला प्रश्न, "कोन मरतं का यात?" मरत असेल तर उठून जातात. आपल्याला मालिका बघू देत नाहीत ते वेगळंच. खिडकीतून डोकावतात आणि म्हणतात, "तिचा नवरा परत येतो गो. रडू नको."

ते कामोठ्याचेच, गावठाणातले. काकी जाऊन सात-आठ वर्षं झाली, मुलगी उरणला दिली आहे, दोन खोल्यांत एकटेच असतात. त्यांच्याकडे एक रिक्षा आहे आणि रिक्षावर भोंगा. सेक्टरांतून फिरून ते जाहिराती पुकारतात. आता असला स्वभाव आणि असला धंदा, म्हणजे काय होत असेल बघा. एकदा साड्यांच्या सेलची जाहिरात होती, उद्या शेवटचा दिवस म्हणून. बायका हातातली कामं टाकून धावायला लागल्या, तर हे भोंग्यातून म्हणाले, "दमानं या, परवा पन हाय." दुकानदाराने परत बोलावलं नाही. पाणी बंदचं पुकारायला दिलं, तर म्हणाले, "गुरुवारी भरपूर पानी येनार हाय हो. फक्त बुधवारी येनार नाय." लोकांनी अर्धंच ऐकलं आणि बुधवारी सगळा सेक्टर कोरडा बसला.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मीच स्वरालीला त्यांच्याकडे पाठवलं.

स्वराली आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते, लातूरकडची आहे, कॉलेजात सिनेमा शिकते. तिने दहा मिनिटांचा सिनेमा केला होता. एक म्हातारी कोथिंबीर आणायला म्हणून बाहेर पडते आणि येतच नाही. म्हातारा चहा गाळून ठेवतो, गार होतो, परत गरम करतो, परत गार होतो. शेवटी दार वाजतं आणि पडदा काळा. संपलं.

तो रविवारी एका हॉलमध्ये लोकांना दाखवायचा होता. तिच्या सरांनी सांगितलं होतं, मैत्रिणी आणून खुर्च्या भरायच्या नाहीत, बाहेरची माणसं आली पाहिजेत. पोस्टर, पत्रकं, पुकारणं, सगळ्याला मार्क. पोस्टर तिने छान केलं होतं. चहाचा कप, वर बशी झाकलेली आणि खाली एवढंच, 'ती येईल का?' नवीन पनवेलला स्टेशनबाहेर दोन दिवस पत्रकं वाटली. लोक विचारायचे, "कुठला क्लास आहे?" आणि पुढे जायचे. दुसऱ्या दिवशी ती जेवायला बसली आणि घास हातात धरून म्हणाली, "काकी, रविवारी मी आणि सर दोघंच असणार."

म्हणून जोमाकाका. त्यांनी गोष्ट ऐकली आणि विचारलं, "आली ना ती?"

"ते बघणाऱ्यांनी ठरवायचं, काका."

"तुला तरी ठावं हाय का?"

"नाही."

"मंग सिनेमा कशाला काढलास?"

पण लिहिलंय तसंच बोलीन म्हणून कबूल झाले. शनिवारी सकाळी पहिली फेरी झाली, शब्दन् शब्द बरोबर. "ती येईल का? उद्या चार वाजता, खांदा कॉलनीच्या हॉलमध्ये." स्वराली गॅलरीत उभी राहून हसत होती. दुसऱ्या फेरीला समोरच्या इमारतीतल्या एका आजींनी खिडकीतून हाक मारली, "अहो, आली का हो ती?" रिक्षा थांबली. भोंगा जरा खरखरला. मग आवाज आला, "येते, आजी. शेवटी म्हातारी घरी येते. निर्धास्त या. पोराबालांना घेऊन या."

पुढे दिवसभर सगळ्या कामोठ्यात तेच.

स्वराली जिन्यात बसली ती उठेना. संध्याकाळी जोमाकाका आले, तर त्यांच्याकडे बघेना. "काका, माझा सिनेमाच संपवलात तुम्ही. आता कोण कशाला येईल?"

"अगो, लोकांना घोर लावून बोलावतात का?" ते म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं आपलं काय चुकलं.

रविवारी आम्ही हॉलवर गेलो तर दारात चपलांचा ढीग. सासवा, सुना, कडेवरची पोरं, आणि काठी टेकत खिडकीतल्या त्या आजीसुद्धा. बायका एकमेकींना सांगत होत्या, "शेवट चांगला आहे म्हणे, म्हणून आईंना आणलं." सरांना खुर्ची मिळाली नाही, ते भिंतीला टेकून उभे राहिले.

सिनेमा सुरू झाला. म्हाताऱ्याने तिसऱ्यांदा चहा गरम केला तेव्हा हॉलमध्ये पोरंसुद्धा गप्प होती. मग दार वाजलं आणि काळोख झाला. दिवे लागले तरी कोणी हलेना. फक्त जोमाकाका उभे होते, मधल्या ओळीत, खुर्चीचा दांडा धरून. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. आजी म्हणाल्या, "काय हो, आली ना?"

त्यांनी आधी हॉलच्या दाराकडे बघितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "आली. कोथिंबिरीची जुडी घेऊन आली. भाव करत बसली व्हती, म्हनून उशीर झाला."

हॉल हसला आणि मग टाळ्या. त्या बराच वेळ चालल्या. सरांनी स्वरालीला विचारलं, "हे तुमच्या जाहिरातीतलंच होतं का?" स्वरालीने एकदा जोमाकाकांकडे बघितलं आणि म्हणाली, "हो सर. आमचंच."

परत येताना आम्ही दोघी त्यांच्या रिक्षात मागे बसलो. उन्हं उतरली होती. स्वरालीचा राग कुठल्या कुठे गेला होता. ती पुढे वाकून म्हणाली, "काका, काय वेळेवर बोलायला उठलात तुम्ही. मला तर घामच फुटला होता."

त्यांनी आरशातून बघितलं नाही. "बोलाला नाय उठलो गो."

"मग?"

"दार वाजलं ना. कडी काढाला उठलो."

स्वराली हळूच मागे सरकली. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "काय नाय, बसा आरामात. पोचलोच आपन."

अजून तर आम्ही खांदा कॉलनीच्या सिग्नललाच उभे होतो.