गोली बरोबर

बावतीस डाबरेच्या निरोपाचा केक मी एक दिवस आधी नेला.

कंपनी त्याला नारळ देणार हे मला ठाऊक होतं. मी एचआरमध्ये आहे, आणि असल्या बातम्या आम्हाला देवाच्याही आधी कळतात. त्याला सांगायचं होतं गुरुवारी. मी केक नेला बुधवारी. दुबईतल्या अल कुसैसच्या बेकरीतला, चांगला दोन किलोचा, वर गुलाबी अक्षरांत ‘हॅपी रिटायरमेंट बावतीस’. स्टोअरमधली मंडळी गोळा केली, टाळ्या सुरू केल्या, आणि टाळ्या वाजवणारे आपण एकटेच आहोत हे लक्षात यायला मला बराच वेळ लागला.

बावतीसने खिशातून चष्मा काढला आणि केक सावकाश वाचला.

"रिटायरमेंट?" तो म्हणाला. "हे कोणी लिहिलं? कॉन्ट्रॅक्ट संपलेल्या प्लेअरला फ्री एजंट म्हणतात, सबनीस."

मग त्याने सुरी मागितली, केक कापला आणि पहिला तुकडा घेऊन पॅन्ट्रीत गेला. तिथे चहा करणाऱ्या सादिकला द्यायला. आपण गाढव आहोत हे मला तेव्हाच कळलं होतं. केवढं मोठं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. ज्या मेलमध्ये बावतीसचं नाव होतं, त्यात खालच्याच ओळीत सादिकचंही होतं. मी पहिली ओळ वाचून बेकरीला फोन केला होता.

बावतीस वसईचा. उंचीने बेताचा, पाय धनुष्यासारखे वाकलेले, आणि साठीला आला तरी चालताना कायम थोडा पुढे झुकलेला, जणू बॉल आत्ता येईल. तरुणपणी तो मुंबईत एका ऑफिसच्या टीमकडून हॉकी खेळायचा. लेफ्ट हाफ. तिथून त्याला आखातात उचलला तो एका मालकाने. त्या काळी इथल्या काही मालकांना हॉकीचं वेड होतं. त्यांच्या आपसात मॅचेस लागायच्या, आणि इभ्रतीसाठी ते हिंदुस्थानातून, पाकिस्तानातून प्लेअर आणायचे. व्हिसावर ‘हॉकीपटू’ असं लिहिता येत नसे म्हणून जो व्हिसा शिल्लक असेल त्यावर माणूस यायचा. बावतीस पहिल्यांदा आला तो गवंडी म्हणून. मग शारजात सेल्समन झाला, रास अल खैमात ड्रायव्हर, आणि अजमानमध्ये चक्क शिंपी.

"सुईत दोरा ओवता येत नव्हता," तो अभिमानाने सांगायचा. "पण फायनलला दोन गोल वाचवले. तपासणीला लेबरचा माणूस आला तर मला मशीनवर बसवायचे. मी पायडल मारत राहायचो. एकदा त्याने पँट आखूड करायला दिली रे. खलास! त्या माणसाची हाफ पँट झाली."

दर दोन वर्षांनी कॉन्ट्रॅक्ट संपायचं आणि बावतीस मोकळा व्हायचा. अशाच एका मोकळ्या उन्हाळ्यात तो मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर वॉचमन होता. बाहेर पन्नास डिग्री, आत हा माकडटोपी घालून उभा. तिथे त्याने गोऱ्या पोरांना आईस हॉकी खेळताना पाहिलं, आणि त्या पोरांच्या बापांकडून त्याला कळलं की तिकडे अमेरिका-कॅनडात दर उन्हाळ्यात कॉन्ट्रॅक्ट संपलेले प्लेअर असेच मोकळे होतात. त्यांना फ्री एजंट म्हणतात. कोणाला कोणी घेतलं, किती वर्षांसाठी घेतलं, हे जगभर छापून येतं.

बावतीसला आयुष्याचा अर्थ लागला. इतकी वर्षं आपण बेकार होतो असं त्याला वाटत होतं.

तेव्हापासून जुलै उजाडला की हा मोबाईलला डोळे लावून बसायचा. आईस हॉकीचे नियम त्याला अजूनही धड माहीत नाहीत. "खेळ कळत नाही रे, पण सही कळते," म्हणायचा. त्याच्या जिभेवर सगळ्या जगाची कॉन्ट्रॅक्टं झाली होती. माझं लग्न त्याच्या मते लाँग टर्म डील होतं, "आणि वहिनीने क्लॉज टाकलाय, तुला दुसरीकडे देता येत नाही." माझ्या मुलीने शाळा बदलली तेव्हा त्याने तिला विचारलं, "सायनिंगला काय मिळालं?" ती म्हणाली, "अंकल, आय गॉट अ वॉटर बॉटल." त्यावर तो माझ्याकडे वळून हळहळला, "स्वस्तात गेली पोरगी."

या वर्षी त्याचा जीव एका डिफेन्समनमध्ये अडकला होता. पस्तिशीचा, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेला, कॅनडाच्या कुठल्याशा गावचा. सगळ्यांच्या सह्या होत होत्या आणि याला कोणी विचारत नव्हतं. बावतीस त्याला ‘आपला पोरगा’ म्हणायचा. शुक्रवारी चर्चमध्ये त्याच्यासाठी मेणबत्ती लावून यायचा. स्वतःसाठी लावत होता की नाही, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कारण आता तोही मोकळा होता. आमच्या जुन्या मालकाने त्याला कंपनीच्या टीमसाठीच स्टोअरमध्ये घेतलं होतं. त्यांचं हॉकीचं वेड त्यांच्याबरोबर गेलं, मुलाला पॅडल टेनिस आवडतं. टीम बंद झाली. व्हिसा रद्द झाल्यावर नवी नोकरी शोधायला थोडी मुदत असते. तेवढ्यात सही झाली तर ठीक, नाही तर मायदेशी. केकची लाज होती म्हणून मी म्हटलं, "बावतीस, मी तुझा एजंट."

"चालेल," तो म्हणाला. "अट माहीत आहे ना? गोली बरोबर."

गोली म्हणजे सादिक. सियालकोटचा. एकेकाळी गोलपोस्टमध्ये उभा राहिला तर मागची जाळी दिसत नसे असं म्हणतात. आता गुडघे गेले होते आणि तो आमच्या पॅन्ट्रीत दाट दुधाचा करक चहा करायचा. पहिलं सोडलं तर बावतीसने आजवर जेवढ्या कॉन्ट्रॅक्टांवर सही केली त्या प्रत्येकात त्याची हीच एक अट होती. मी येतो, पण गोली बरोबर. मोठ्या कंपन्यांनी त्याला एकट्याला बोलावलं, हा गेला नाही. शिंप्याच्या दुकानात गेला, कारण शिंप्याने सादिकला इस्त्रीवाला म्हणून घेतला.

बरं, दोघांत प्रेम आहे म्हणावं तर ऐकणाऱ्याला तसं काही वाटू नये. दिवसभर भांडण. मॅचच्या आधी सादिकला वाकता यायचं नाही, म्हणून बावतीस त्याच्यासमोर गुडघा टेकून त्याच्या पॅडचे पट्टे आवळायचा आणि आवळताना शिव्या द्यायचा. "हत्ती साला! पोट कमी कर, पट्टा पुरत नाही." वरून सादिक म्हणायचा, "टाइट कर, डाबरे. बातें कम." मी हे दृश्य इतक्यांदा पाहिलंय की मला ते मॅचचाच भाग वाटायचं.

माझ्या एजंटगिरीला अजमानमध्ये यश आलं. एका तरुणाने मुलांसाठी हॉकीचे क्लास काढले होते, त्याला कोच हवा होता. पगार पाच हजार दिरहम. "म्हणजे लाखाच्या वर!" मी तिथल्या तिथे मोठ्याने हिशोब केला. नोकरी आपल्याला लागतेय असा माझा चेहरा झाला असणार. कोचिंगबद्दल बावतीस इतकं सुरेख बोलला की तो तरुण खुर्चीत पुढे सरकून बसला. कागद टेबलावर आला. बावतीसने पेन उचललं आणि म्हणाला, "गोली बरोबर."

"गोली?"

"सादिक. साठीचा आहे. गुडघे गेलेत."

"ही विल ट्रेन कीपर्स?"

"नाही. चहा चांगला करतो."

मी टेबलाखालून बावतीसचा पाय जोरात दाबला. तो तरुण दचकून माझ्याकडे बघायला लागला. पाय त्याचा होता.

तरी पोरगा भला. म्हणाला, "अंकल, माझ्याकडे व्हिसा एकच आहे." बावतीस म्हणाला, "पगार एकच दे. त्यात आम्ही दोघं राहू." तो म्हणाला, "पगाराचं नाही हो अंकल. व्हिसाच एक आहे." बावतीसने पेन टोपण लावून जागेवर ठेवलं, त्याच्याशी हात मिळवला आणि निघाला. मी मागे थांबून त्या तरुणाला हळूच सांगितलं, "दोन दिवस द्या. करतो सही. मी बघतो."

आणि मी बघितलं. माझं बघणं म्हणजे असं की, दुसऱ्या दिवशी मी थेट पॅन्ट्रीत गेलो. सादिक नोटीसच्या शेवटच्या दिवशीचे कप विसळत होता. मी दार लावलं आणि एचआरच्या प्रशिक्षणात शिकवतात त्या मऊ आवाजात त्याला समजावलं. "सादिकभाई, उसका भला सोचो. आपकी वजह से उसका काम अटका है. आप बोलोगे तो वो साइन कर देगा."

सादिकने कप पालथा घातला. रागावला नाही.

"बोला था, साब. केक के दिन ही बोला था," तो म्हणाला. "नहीं मानता."

"क्यूं नहीं मानता? आप अपने घर, वो यहाँ. कभी उसके घर वसई चले जाना, मिल लेना. नहीं तो वो आ जाएगा सियालकोट."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला ते हवेत लटकलेलं दिसलं. सादिकने हात पुसले. तो माझ्याकडे बघत होता तो असा, जसा तो पेनल्टी मारायला आलेल्या नवख्या पोराकडे बघत असेल.

"वसई का वीजा मुझे आप दिलाओगे?" त्याने विचारलं.

इतकी वर्षं मी या दोघांना एका बाकावर चहा पिताना पाहत होतो. सगळ्या जगात त्यांना एकत्र बसता येईल असा बाक फक्त याच देशात आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बावतीसच्या त्या एका अटीला मी हट्ट म्हणायचो, घरी बायकोपुढे तिची नक्कल करायचो.

संध्याकाळी बावतीस तळ्याच्या बागेत सापडला. ऊन उतरलं होतं, पण बाक अजून तव्यासारखा तापलेला. मी म्हटलं, "निदान तू तरी इथे राहा. तो पुढेमागे येईल व्हिजिटवर, इन्शाल्ला."

"कोण आणणार त्याला? त्याच्या मुलीच्या घरी पोटाला पुरत नाही." तो पाण्याकडे बघत होता. "आणि तोवर मी इथे कोणासाठी राहू? मी आलो ते दोन वर्षांसाठी रे. पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा बॅग भरली होती. हा म्हणाला, अजून दोन वर्षं थांब, लेफ्टला माझ्यापुढे कोणी नाही." त्याने तापलेल्या बाकावरून हात उचलला. "वसईला भावाची वाडी आहे. केळी आहेत. ओळखीचं कोणी नाही आता."

त्यानंतरही मी फोन केले. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कारखान्यांत, दोन शाळांत, एका लाँड्रीत. एकेकट्याला कोणी ना कोणी तयार व्हायचं. दोघांना कोणी नाही. मुदत संपली.

तिकिटं बावतीसने स्वतः काढली. मी सांगत होतो की सादिकचं मंगळवारचं विमान बरंच स्वस्त आहे. त्याने ऐकलं नाही. एकाच दिवशी, एकाच टर्मिनलवरून, एक मुंबईचं आणि एक सियालकोटचं, मध्ये जेमतेम तासाभराचं अंतर. मला वाटलं, म्हाताऱ्याला हिशोब कळत नाही.

दोघांना विमानतळावर मीच सोडलं. सामान थोडंच होतं. बावतीसच्या बॅगेतून स्टिकचं टोक बाहेर आलेलं, सादिकच्या गाठोड्यात जुनी पॅड्स. इमिग्रेशनच्या आधीच्या खुर्च्यांवर ते बसले आणि सादिकने थर्मास उघडला. चहाला एकच झाकण, आळीपाळीने. मलाही दिला नाही, आणि ते बरोबरच होतं.

जरा वेळाने बावतीसने मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. "आपल्या पोराला कोणी घेतलं नाही. घरी गेला." फोटोत तो डिफेन्समन कुठल्यातरी लाकडी घराच्या पायरीवर बसला होता.

सियालकोटची घोषणा झाली; मुंबईचं विमान उशिरा होतं, त्याचं काउंटर अजून उघडलं नव्हतं. सादिक खुर्चीचे हात धरून उठला. त्याच्या बुटाची लेस सुटली होती. त्याने खाली पाहिलं, मग बावतीसकडे पाहिलं. बावतीस त्याच्यापुढे गुडघा टेकून बसला, येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जाऊ लागले, आणि तो दोन्ही बुटांच्या लेस बांधू लागला. सुटलेलीही आणि न सुटलेलीही.

"हत्ती साला," तो म्हणाला.

"टाइट कर," सादिक म्हणाला. पुढचं ‘बातें कम’ त्याला म्हणता आलं नाही.

तो रांगेत गेला, काचेपलीकडे गेला, दिसेनासा झाला. बावतीस अजून एका गुडघ्यावरच होता. मी त्याला हात देऊन उठवलं. काहीतरी बोलायला हवं होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माणसांना घरी पाठवताना मी काही ना काही बोलतच आलो आहे.

"अरे, एवढं काय, बावतीस," मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता व्हिडिओ कॉल असतो की!"

त्याने गुडघ्यावरची धूळ झटकली, बॅग खांद्याला लावली आणि माझ्याकडे पाहिलं.

"सबनीस," तो म्हणाला, "तू एचआरमध्येच राहा. माणसांचं तुला काही कळत नाही."