सोपानरावांचा मुका डबा

सोपान रोकड्यांनी बटण दाबलं, पण डब्यावरचा लाल दिवा काही लागला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग जोर लावून दाबलं, मग हलकेच दाबलं, मग डब्याला कळू नये अशा बेताने भलतीकडे बघत दाबलं. दिवा लागला नाही. सकाळी घरात लावून पाहिला तेव्हा हाच अ‍ॅम्प्लिफायर गुणी पोरासारखा चालू होता. आता मळ्यातल्या मांडवात, त्यांच्या सेवापूर्ती समारंभाला अर्धा तास उरला असताना, तो ढिम्म बसला होता.

डबा केवढा, तर गुळाच्या ढेपेएवढा. पण इलेक्ट्रिक गिटारचा आवाज निघायचा तो त्याच्यातूनच. त्याच्याविना ती गिटार म्हणजे सहा तारा ठोकलेली फळी.

सोपानरावांनी हायस्कुलात बत्तीस वर्षं क्लार्की केली. या बत्तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांची मानपत्रं लिहिली, दुसऱ्यांसाठी हार आणले, माइकमध्ये फुंकर मारून तो दुसऱ्यांच्या हातात दिला आणि मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले. बावन्नाव्या वर्षी काय झालं कोण जाणे, त्यांनी पुण्याहून ही गिटार आणली. "घरात टणटण नको," असं त्यांच्या पत्नीने, द्रौपदाबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. तेव्हापासून सहा वर्षं हा गृहस्थ कानाला हेडफोन लावून, ओट्यावर बसून, मुकाट्याने गिटार वाजवत आला. गावाला दिसायची ती फक्त डुलणारी मान. त्यांनी स्वतः बसवलेली एक धून होती, ती आजवर एकाही माणसाने ऐकलेली नव्हती, बायकोनेसुद्धा. आज ती पाच मिनिटं वाजवायची आणि द्रौपदाने ती ऐकायची, एवढंच त्यांना निवृत्तीकडून हवं होतं. पेन्शनचंही त्यांनी इतकं मनाला लावून घेतलं नव्हतं.

"काय झालं, सोपानभाऊ?" सयाजी हांडे पुढे आला. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नव्या तारा भरून देण्याचं त्याचं दुकान होतं. आसपासच्या गावांतल्या निम्म्या मोटारी त्याच्या हातून गेल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच पुन्हा त्याच्याकडे आल्या होत्या.

"दिवा लागत नाही. प्लग दुसरीकडे लावून बघावा म्हणतो."

"लाइटीचं आमाला नका शिकवू राव. कंडेन्सर गेलाय."

"न उघडताच कळलं?"

"उघडायचं ते तुमाला कळावं म्हनून."

मांडववाल्याचा जनरेटर फक्त माइक आणि पंख्यांपुरता होता, म्हणून डब्याला स्टेजमागच्या मोटारीच्या खोलीतून वायर ओढून दिली होती. सयाजीने ती उपटली, डबा टेबलावर पालथा घातला आणि एकेक स्क्रू काढून पेढ्याच्या बॉक्समध्ये टाकायला सुरुवात केली. पेढे आधी वाटले गेले. आत हिरवी पट्टी आणि बारीकबारीक मणी निघाले. त्याच्या ओळखीचं त्यात काहीच नव्हतं. त्याने दोन वायरी ओढून पाहिल्या, जोरात फुंकर मारली आणि ज्या गंभीरपणे डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात त्या गंभीरपणे म्हणाला, "माझ्याकडं साडेसात एचपीचा कंडेन्सर हाये. बसवू का?"

"नको," सोपानराव म्हणाले. त्यांचा आवाज नको तितका बारीक आला.

तेवढ्यात ज्ञानेश्वर आला. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कॅन्टीनमध्ये त्याने बावीस वर्षं चहा केला होता. शास्त्रज्ञांना चहा देणारा माणूस निम्मा शास्त्रज्ञ असतो असं गावाने मनोमन ठरवलेलं होतं, आणि ज्ञानेश्वरने ते कधी नाकारलं नव्हतं. त्याने डब्याला हात न लावता त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"हितं मोबाइल किती चालूयत?" त्याने विचारलं.

"सगळ्यांचेच."

"मग कसा चालंल? दुर्बिणीपाशी नुसता एक मोबाइल वाजला तरी सायब लोक कावरंबावरं व्हायचे. एवढ्या थोरल्या दुर्बिणीला सोसत न्हाई, ह्या एवढ्याशा डब्याला कसं सोसंल? लहरी असत्यात त्या. दिसत न्हाईत."

दिसत नाहीत म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसला. मांडवातल्या साठ-सत्तर माणसांनी मोबाइल बंद केले. सोपानरावांनी स्वतःचाही बंद केला. डबा काही चालू झाला नाही. "लहरी निवळायला टाइम लागतो," असं ज्ञानेश्वरने सांगितलं, आणि सगळेजण त्या निवळण्याची वाट बघत बसले.

नेमक्या त्याच वेळी संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब मळ्याची वाट विचारायला सोपानरावांना फोन लावत होते. तो लागेना. मग सयाजीला लावला, मग ज्ञानेश्वरला. गाव जगातून उठल्यासारखं झालं होतं. रस्त्याच्या कडेला त्यांना एक मांडव दिसला, मांडवात माणसं दिसली, आणि अण्णासाहेब आत शिरले. तो एक साखरपुडा होता. पण पांढऱ्या कपड्यांतला वजनदार माणूस गाडीतून उतरल्यावर त्याला कोणाचे कोण असं विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. त्याला फेटा बांधतात. फेटा बांधल्यावर माइक देतात. अण्णासाहेबांनी चाळीस मिनिटं भाषण केलं. नवऱ्या मुलाने प्रदीर्घ सेवेनंतर आता विश्रांती घ्यावी, नातवंडांत रमावं आणि साखर सांभाळावी, असं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरी मुलीला थोडं रडू आलं, ते बहुधा वेगळ्या कारणाने.

शेवटी तिथल्याच कुणीतरी वाट दाखवली आणि एकचा कार्यक्रम असा पावणेतीनला सुरू झाला. अण्णासाहेब दुसरा फेटा बांधून घेत असताना त्यांना टेबलावरचा उघडा डबा दिसला.

"हे काय?"

"माझं वादन होतं, साहेब. पाच मिनिटांचं. डबा बंद पडलाय."

"काळजी करू नका. आपण समिती नेमू."

आणि त्यांनी नेमली. सयाजी अध्यक्ष, ज्ञानेश्वर सचिव. डबा दुरुस्त करण्याआधी समितीचा सत्कार झाला, कारण नंतर वेळ मिळेलच असं नाही. मग अण्णासाहेबांचं भाषण झालं. ते मघाचंच होतं, पण इथे बरोबर बसलं. उत्सवमूर्तींना दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा सोपानरावांना खरोखर दोनच सुचले, "आभारी आहे." माइकवरून जाहीर झालं की तांत्रिक कारणास्तव वादन रद्द करण्यात येत आहे, मंडळींनी जेवून जावं.

पंगत बसली. मासवडी आणि रश्शाचा वास सुटला, तशी समितीही स्क्रू परत बसवून पंगतीला गेली. दोन स्क्रू उरले, ते जास्तीचे होते असं सयाजीने ठरवलं. निघताना त्याने वायर पुन्हा डब्यात खोचली आणि म्हणाला, "मशीन दमलंय. जरा पडू द्या."

सोपानराव स्टेजच्या कडेला एकटे बसले. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, शेजारी फळी. त्यांना फार वाईट वाटलं. रडावंसं वाटलं, पण फेटा बांधून रडणं बरं दिसत नाही.

द्रौपदाबाई रश्शाची बादली घेऊन त्या बाजूने चालल्या होत्या. नवऱ्याचं तोंड बघून थांबल्या.

"चला जेवायला."

"भूक नाही."

त्यांनी बादली खाली ठेवली, वायर कुठून आली ते नजरेने मागे मागे जात पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यो मोटारीच्या खोलीतल्या बोर्डाला लावलाय न्हवं? मग आत्ता कसा चालंल? शेतीची लाइट ह्या आठवड्यात चारला येती."

मांडवातल्या झाडून साऱ्या शेतकऱ्यांना ही वेळ तोंडपाठ होती. चारला कांद्याला पाणी सोडायचं म्हणून निम्मे जण घड्याळ बघत जेवत होते. सयाजीच्या खिशाला तर पेनासारखा टेस्टर लावलेला होता. पण बोर्ड आपला आणि डबा पुण्याचा, तेव्हा दोष डब्यातच असणार याबद्दल कुणाला शंकाच आली नव्हती. स्वतः सोपानरावांचा मळ्याशी संबंध फक्त सातबाऱ्यापुरता. पाणी सगळं द्रौपदाबाईच धरायच्या.

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"कुणी इचारलं?" त्या म्हणाल्या. मग पदराला हात पुसत जरा थांबल्या. "आन् खरं सांगू का? बरंच झालं असं वाटलं. सहा वर्षं बघतीय, नुसती मान हलती. मला वाटलं ते वाजतच न्हाई. चारचौघांत हसं झालं असतं तुमचं."

सोपानरावांनी मांडीवरचा नारळ एकदा फिरवून पाहिला.

तेवढ्यात चार वाजले आणि पलीकडच्या मळ्यातली मोटार गुरगुरली, मग अलीकडची. शिवारातल्या मोटारी एकामागून एक आपसूक चालू झाल्या आणि डब्यावर लाल दिवा लागला.

"वाजवा आता," द्रौपदाबाई म्हणाल्या. "समदी जेवत्यात. कुणाचं ध्यान न्हाई."

सोपानरावांनी नारळ खाली ठेवला आणि गिटार घेतली. पहिला सूर जरा कापरा निघाला. दुसरा बरा. तिसऱ्यापासून त्यांना मांडव दिसेनासा झाला. धून साधीच होती, मोटेच्या पाण्यासारखी थांबत थांबत भरून येणारी. मध्ये एके ठिकाणी बोट चुकलं, ते त्यांनी सावरून घेतलं. पंगतीतले हात थांबले. द्रौपदाबाईंच्या हातातली पळी बादलीच्या काठावर तशीच राहिली. त्या नवऱ्याच्या मानेकडे नाही, बोटांकडे बघत होत्या.

धून शेवटाकडे वळली आणि पंगतीतून सयाजी रश्शाच्या हातानिशी उठला.

"बोललो व्हतो ना, पडू द्या म्हनून."

मांडव टाळ्यांनी दणाणला. "लहरी निवळल्या," ज्ञानेश्वर शेजाऱ्याला समजावत होता. अण्णासाहेब जेवण अर्धवट टाकून स्टेजवर आले. समितीच्या यशाबद्दल सयाजीचा पुन्हा सत्कार करणं भाग होतं, पण शाली संपल्या होत्या. तेव्हा त्यांनी सोपानरावांच्या खांद्यावरची शाल "तात्पुरती" म्हणून उचलली, खालचा नारळ घेतला आणि सयाजीला दिला. फोटो निघाले. सोपानराव सवयीने मागे सरकले आणि माइक सयाजीच्या हातात दिला.

सयाजी ग्रामीण भागातल्या कारागिरांवरच्या अन्यायाबद्दल बोलू लागला. सोपानराव वायर काढायला वाकले, तर पायापाशी बादली सरकवून द्रौपदाबाई स्टेजच्या पायरीवर ऐसपैस बसलेल्या.

"पयल्यापास्नं वाजवा," त्या म्हणाल्या. "त्येंच्या टाळ्यांत शेवट ऐकायचा राह्यला माझा."