मौजे हेझलकोट येथील कपड्यांच्या दोरीची मोहीम

तख्तांचे तंटे बहुतांनी लिहिले. परंतु इंग्लंडदेशी मौजे हेझलकोट येथे ओल्या चादरीवरून जे घनघोर रण माजले ते कोणी न लिहिले, सबब लेखणी उचलणे प्राप्त जाहले.

वास्तुविशारद राजश्री ऑब्री सेल्विन यांस यंत्राचा भारी तिटकारा. हाताने घडविल्या खुंटीने मजुराचा उद्धार होतो ऐसे मानून त्यांनी गिरणीमजुरांकरिता टुमदार घरे उठविली, आणि मग ते स्वर्गवासी जाहले, आणि मग ती घरे पैसेवाल्यांनी बळकाविली. मजुरांच्या वंशातील एकट्या मेव्हिस टफलीबाई तेवढ्या उरल्या.

तशात जुन्या वास्तूंची राखण करणाऱ्या वारसा मंडळाचे सरनौबत कर्नल हॉटन यांचे फर्मान सुटले की, अंगणी धुणे टांगिल्याने सेल्विनसाहेबांच्या सौंदर्यास बट्टा लागतो, सबब दोरी उतरवावी. बाईंचे कपडे स्वयंपाकघरात कुबट जाहले, भिंतीस बुरशी चढली, छातीत खोकला बसला. बाई चवताळल्या.

"मेलेल्या माणसाला माझ्या चड्ड्यांचं काय वावडं?" म्हणोन थेट मंडळाच्या दप्तरखान्यावर चालून गेल्या.

तेथे शाईचे पेन जप्त, चहा हराम, मोठ्याने बोलणे गुन्हा. बाईंनी पेन्सिलीनिशी वेढा दिला आणि नकाशांमागून नकाशे पाडाव केले, तो सेल्विनसाहेबांच्या हातचा अंगणाचा आराखडा गवसला: ओकाचे कोरीव खांब, मध्ये दोरी, आणि खाली शेरा की, मजुराचे कपडे उन्हावाऱ्यात वाळावेत, घरात ओल नसावी.

बाईंनी तो पुढे ठेविताच कर्नलसाहेब सद्गदित जाहले. तात्काळ खांब उभारिले, दोरी ताणिली, आणि मग हुकूम जाहला की, हा अमोल वारसा, यास ओले कपडे लावू नयेत. उद्घाटनास जुन्या धाटणीचे, इस्त्रीचे, कोरडे सदरे टांगिले.

तो दिवस सोमवार, धुण्याचा वार. बाई खोकत खोकत टोपली घेऊन बाहेर पडल्या, सदरे ओढून काढून कर्नलांच्याच हाती कोंबिले, आणि ठिबकत्या चादरी, मोजे, चड्ड्या दोरीवर चढविल्या.

"अहो मिसेस टफली, पाहुणे आलेत!"

"मग त्यांना म्हणावं, चिमटे धरा."

तो पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "अगदी जुना काळ हो! काय काम करते ही बाई!" एकीने तर विचारिले, "पुढचा खेळ कधी?"

"दर सोमवारी," बाई वदल्या, "पाऊस नसला तर."

सदरे काखेत मारून कर्नलांनी वाकून मुजरे तेवढे स्वीकारिले. येणेप्रमाणे हेझलकोटचे अंगण सर जाहले, मंडळाने सोमवारास तिकीट लाविले, आणि टफलीबाईंच्या चादरी खडखडीत वाळल्या.