सातव्या प्रश्नाचं उत्तर

शिदू मास्तर रस्त्यात कुणालाही अडवत आणि त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "सरकारनं इचारलंय."

समोरचा माणूस गार पडे. लढाईचे दिवस होते. सरकार विचारतंय म्हणजे धान्य नाहीतर घरातला एखादा गडी द्यावा लागणार, हे गावाला अनुभवानं ठाऊक होतं. शिवाय त्या वर्षांत आमच्या भागात 'सरकार' म्हटलं की 'कुठलं?' असं आधी विचारून घ्यावं लागे. एक इंग्रजांचं, ते कचेरीत बसे; दुसरं भूमिगतांचं, ते रानात हिंडे. मास्तर म्हणत, "कुटलं का असंना. इचारलंय न्हवं?" मग कोटाच्या खिशातून वही काढत, पेन्सिलीचं टोक जिभेला लावत आणि सरकारचा प्रश्न सांगत, "पोराला सोताचं कायतरी सुचावं, म्हणून काय करावं?"

मी माधवनगरचा. वडील गिरणीत होते. फायनल पास होऊन जूनमध्ये कोरेगावच्या पलीकडच्या त्या दोन मास्तरांच्या शाळेत रुजू झालो, तेव्हा माझं वय वीस होतं आणि मला सगळं येत होतं. शिदू मास्तर माझे हेडमास्तर. वय पन्नाशीचं, कोट एकच, छत्री बारमाही. घरात एकटेच. बायको पाच-सहा वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही.

त्याच महिन्यात वरून एक छापील परिपत्रक आलं होतं. लढाईनंतर शिक्षणाचं नवं धोरण ठरायचं होतं, त्यासाठी शिक्षकांची मतं हवी होती. एकूण बारा प्रश्न. सातवा असा : 'विद्यार्थ्यांच्या अंगची निर्मितिशक्ती वाढीस लागावी, यासाठी राष्ट्रीय शिक्षणधोरणात काय असावे, असे आपणांस वाटते?' खाली ठिपक्यांच्या तीन ओळी. मी तिथं 'योग्य ते असावे' असं लिहून अर्ध्या तासात बाराही प्रश्न निकालात काढले. आसपासच्या शाळांनी फार वेगळं केलं नसावं. मास्तरांनी अकरा प्रश्नांची उत्तरं लिहिली आणि सातव्यापाशी ते जे बसले ते बसलेच.

वहीत मात्र भर पडत होती. पेन्शनर हवालदारानं सांगितलं, "ड्रिल. सकाळी पाचला परेड घ्या. सुचत न्हाई म्हंजे काय?" मास्तरांनी लिहून घेतलं. शेजारची गिरजाआक्का म्हणाली, "आदी पोटभर घाला, मंग इचारा." तेही लिहून घेतलं. माणदेशाकडून मेंढरं घेऊन आलेला एक धनगर बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "आवं मास्तर, मेंढरामागं धाडा. एकलं बसलं की आपसूक सुचतंय." त्याच्याखाली मास्तरांनी दोनदा रेघ मारली. मला म्हणाले, "ह्यो मानूस धोरणात पायजे हुता, गड्या."

वर्गातही हाच प्रकार. पोरानं काही विचारलं की मास्तर उत्तर द्यायचे नाहीत. "तुला काय वाटतंय?" म्हणायचे आणि थांबायचे. हे थांबणं साधं नव्हतं. मी पलीकडं पहिली-दुसरीचे पाढे म्हणवून, पाणी पिऊन परत यायचो, तरी ते हाताची घडी घालून थांबलेलेच. एकदा कुणीतरी विचारलं, "गुर्जी, दिवस बुडला की सावली कुटं जाती?" मास्तरांनी प्रश्न परतवला आणि शाळा सुटेपर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा नावाची मुलगी दारातूनच म्हणाली, "गुर्जी, सगळ्यांच्या सावल्या येका जागी येत्यात, त्यालाच रात म्हंत्यात." मास्तरांनी त्या दिवशी गणित घेतलं नाही. दिवसभर ते वाक्य वेगवेगळ्या तोंडांनी म्हणवून घेत बसले.

पालक कुरकुरत. "पोरगं घरी येऊन आमालाच इचारतंय, तुला काय वाटतंय म्हणून. लय अगाव झालंय." मीही मनातून पालकांच्याच बाजूचा होतो. निकाल पडेल, ठपका दोघांवर येईल, ही मला काळजी.

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या आठवड्यात दिपोटीसाहेब तपासणीला आले. मास्तरांनी पोरांना माती भिजवून दिली होती आणि सांगितलं होतं, "आपापल्या घरचा बैल करा. दुसऱ्याचा बगायचा न्हाई." ज्यांच्या घरी बैल नव्हता त्यांनी मनातला करायचा. फळीवर बत्तीस बैल वाळत होते. एकाचं शिंग मोडकं होतं, एक बसून रवंथ करत होता, एक नुसतंच वशिंड होतं. हौसाच्या बैलाला पाच पाय होते.

साहेबांनी छडीनं पाय मोजले. "बैलाला पाय किती?"

"उबा असला तर चार," हौसा म्हणाली.

"आणि नसला तर?"

"ह्यो चाललाय की. त्यो पाय उचललेला, आन् ह्यो टेकलेला. दोनी योकच हाय."

मी जमिनीकडं पाहू लागलो. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'मुलांस सामान्यज्ञान कमी.' मास्तरांनी आपल्या वहीत हौसाचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलं. जाताना साहेब म्हणाले, "सगळ्या तालुक्यात तुमच्या एकट्याचं उत्तर यायचं राहिलंय. महिन्याच्या आत आलं नाही तर खुलासा द्यावा लागेल."

"धाडतो साहेब. एवढं पुरं हुंद्या."

ते पुरं झालं नाही. खुलासा मागवला गेला, मास्तरांनी दिला, एक वर्षाची पगाराची बढती गेली. पाच पायांचा बैल चिंधीत गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत गेला. त्याच्यामागून ज्वारीच्या ताटाचे चष्मे गेले, भेंडाच्या बैलगाड्या गेल्या, सातआठ वह्याही गेल्या. मी म्हणायचो, "मास्तर, जागा तीन ओळींची आहे." ते म्हणायचे, "म्हनून तर जड जातंय."

पुढं इंग्रज गेले. झेंडावंदन झालं, पोरांना गूळ-खोबरं वाटलं. मला आपलं वाटलं, बरं झालं. म्हणालो, "सुटलात मास्तर. विचारणारं सरकारच गेलं." थट्टेनं बोललो होतो, पण त्यांचा चेहरा असा उतरला की मला बोलल्याचा पस्तावा झाला. दोन दिवस त्यांनी कुणालाच अडवलं नाही. तिसऱ्या दिवशी शाळेत आले ते म्हणाले, "सरकार गेलं. इचारल्यालं कुटं जातंय?" आणि पेन्सिल पुन्हा जिभेला लागली.

आणखी दोन वर्षांनी त्यांची पेन्शन आली आणि माझी सांगलीकडं बदली. निघायच्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेलो. म्हटलं, आता हट्ट पुरे. ट्रंक मी साताऱ्याला नेतो, कचेरीत स्वतःच्या हातानं देतो. मनात होतं की तीन ओळी आपणच सुबक अक्षरात भरून टाकू.

मास्तरांनी ट्रंक उघडली. सगळ्यात वर ते परिपत्रक, घड्यांवर विरलेलं. सातवा प्रश्न भरलेला होता. शाई जुनी, तपकिरी पडलेली. तीन ओळींपैकी एकच वापरली होती : 'पोरास विचारावे, आणि थांबावे.'

"हे कधी लिहिलंत?"

"तवाच. पैल्याच पावसाळ्यात."

"मग धाडलं का नाही? बढती घालवलीत, खुलासा दिलात..."

ते ट्रंकेच्या कडेवर हात ठेवून बसले. "धाडलं की संपलं, गड्या. मामांनी साळंत घातलं, इचारलं न्हाई. लगीन लावलं, इचारलं न्हाई. बोर्डानं नऊ बदल्या केल्या. मंडळी गेली, देवानं तरी कुटं इचारलं? ह्यो येक कागद आला. 'आपणांस काय वाटते' म्हनला. मला आपणांस म्हनला रं. रोज सकाळी उगडून वाचायचो. उत्तर दिलं असतं तर पुन्ना कोन इचारणार हुतं?"

पाच वर्षं आम्ही एका छपराखाली काढली. त्यांना मी पाढे, हजेरी, निकाल, सगळं सांगितलं. विचारलं कधीच काही नव्हतं. आताही ट्रंक न्यायला आलो होतो तो माझं मी ठरवूनच.

"मास्तर," मी म्हणालो, "तुम्हाला काय वाटतं? धाडायचं का ठेवायचं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग हाताची घडी घातली आणि विचार करू लागले. कोरेगावची मोटार वेशीत येऊन दोनदा भोंगा वाजवून गेली. दिवसात ती एकच होती. मी उठलो नाही.

ऊन उंबऱ्यावरून उतरलं, तेव्हा ते म्हणाले, "कागद ने. बैल ऱ्हाऊ दे माझ्यापाशी."

"बरं."

"आन् तुला रं? तुला काय वाटतंय सातव्याबद्दल?"

मी तोंड उघडलं आणि माझ्याजवळ 'योग्य ते असावे' याच्यापलीकडं काहीही नव्हतं. मास्तर थांबले. अंधार पडेपर्यंत थांबले, मग उठून त्यांनी माझ्यासाठी चुलीवर भाकरी टाकली. दुसऱ्या दिवशी तो कागद साताऱ्याच्या कचेरीत देऊन मी पुढं गेलो. मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझं उत्तर तयार आहे, पण ज्याला सांगायचं तो माणूस नाही, याचं फार वाईट वाटतं.